सेवा तपासायची ती सोमवारपासून

अहिल्यानगरची जुनी मंडळी असो, पुण्या-मुंबईतले चर्च असो किंवा वसईतला एखादा धर्मग्राम असो, पाळकांना आणि धर्मगुरूंना काही प्रश्न फिरून फिरून विचारले जातात. 'कितीतरी वर्षे संडे स्कूल शिकवते आहे, पण हल्ली सगळे कोरडे वाटते. ही देवाची सेवा आहे की नुसती सवय?' 'दुकान सकाळी आठला उघडतो, रात्री दहाला बंद करतो. देवासाठी काहीच होत नाही, याची टोचणी लागते.' 'सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, प्रार्थनासभेला जाता येत नाही. बाकीच्या बायका म्हणतात, तू विश्वासात थंड पडलीस.'

प्रश्न तीन, पण त्यांच्या तळाशी समजूत एकच: उपासनेच्या शेवटी सूचनांमध्ये जे वाचून दाखवतात ते देवाचे काम, बाकीचे आपले आपले. ही समजूत दोन्हीकडून घात करते. ज्यांच्या नावावर चार जबाबदाऱ्या आहेत ते निश्चिंत होतात आणि ज्यांच्या नावावर एकही नाही ते उगाच मान खाली घालून बसतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने शेवटच्या न्यायाचे जे चित्र उभे केले आहे, त्यात तर दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातले, आजाऱ्याची विचारपूस केली, तुरुंगातल्याला भेटायला गेले, त्यांना आपण प्रभूचीच सेवा केली हे ठाऊक नसते. ज्यांनी केले नाही, त्यांनाही आपले काही चुकले असे कधी वाटलेले नसते.

म्हणजे आतून किती भरून येते किंवा किती कोरडे वाटते, एवढ्यावरून सेवेचा निर्णय लागत नाही. तो लावायला दुसरीकडे पाहावे लागते: घरात, पगाराच्या दिवशी, शेजारात आणि हिशेबाच्या वहीत.

आधी एक आठवडा लिहून काढा

मनाची तपासणी करण्याआधी दिनक्रमाची करा, कारण मन स्वतःची समजूत फार लवकर घालते. साधी वही पुरेल.

१. सोमवार ते रविवार, रोज रात्री तीन गोष्टी लिहा: वेळ कुठे गेला, पैसा कुठे गेला, आणि कुणावर आवाज चढला.

२. ज्या कामाला तुम्ही 'सेवा' म्हणता, त्याच्यापुढे लिहा की त्यामुळे कुणाचे ओझे हलके झाले. 'मंडळीचे' हे उत्तर चालणार नाही. माणसाचे नाव हवे.

३. त्या कामाची किंमत कुणी मोजली? तुम्ही, की घरातल्या दुसऱ्या कुणी?

४. हे काम कुणी जाहीर केले नसते, फोटो निघाला नसता, तरी केले असते का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नसते केले' असे आले तर घाबरून काम सोडू नका. हेतू बहुतेक वेळा मिसळलेलाच असतो आणि मिसळलेल्या हेतूने दिलेल्या पांघरुणानेही थंडी जाते. दान देताना गाजावाजा करू नये, हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा बदल करायचा तो गाजावाजात. पांघरुणे वाटताना घेणाऱ्याचा चेहरा व्हॉट्सअॅपवर जातो, त्याला कुणी विचारलेले नसते. पुढच्या वेळी फोटो काढू नका आणि तरी किती जण वाटायला येतात ते पाहा.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र जास्त वेळ थांबायला हवे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची उदारता प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा वाचताना त्या उदारतेची दुसरी बाजूही दिसते. टिळक हातचे देऊन मोकळे होत आणि संसार लक्ष्मीबाई ओढत. त्यांनी हे प्रेमाने आणि हसत सांगितले आहे, तरी टिळकांच्या नावावर जमा झालेल्या सेवेतला मोठा वाटा त्यांनी उचललेला होता, हे वाचकाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. तुमच्या सेवेचा खर्च असा कुणाच्या नावावर पडतो आहे का? पडत असेल तर त्या व्यक्तीला विचारून पुढचे ठरवा. तिने आनंदाने होकार दिला, तर ती सेवा दोघांची झाली. तिला कुणी विचारलेच नसेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या खिशातून अर्पण टाकत आहात.

घर: सगळ्यांत अवघड जागा

मार्काच्या सातव्या अध्यायात येशू एका रूढीवर कडक शब्दांत बोलतो. आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे जाहीर केले, की मुलगा जबाबदारीतून मोकळा होत असे. देवाचे नाव पुढे करून आईवडिलांना उपाशी ठेवण्याची ती सोय होती. आज तिचे रूप वेगळे असते. कनव्हेन्शनच्या वर्गणीला पैसे निघतात, वडिलांच्या औषधाला 'पुढच्या महिन्यात बघू'.

इथे गोंधळ झाला तर क्रम सरळ लावा. आधी अवलंबून असलेल्यांची गरज, मग वचन दिलेले अर्पण, मग ऐच्छिक वर्गणी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल जे म्हटले आहे ते फार कठोर आहे. ते काढून एकदा वाचा. कायदाही याच बाजूला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ पासून आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी हे न्यायाधिकरण चालवतो. ज्यांची मुले मंडळीत मान्यवर आहेत अशा आईवडिलांनाही हा हक्क आहे, आणि तो बजावण्यात विश्वासाला कमीपणा नाही.

आणि ज्या सुनेला 'थंड पडलीस' असे ऐकावे लागते, तिने हे नीट लक्षात घ्यावे. सासूबाईंचे अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे हीच त्या वेळची तिची सेवा आहे. प्रार्थनासभेला न जाण्याचा खुलासा तिने कुणाला देण्याची गरज नाही. खुलासा द्यायचाच असेल तर तो महिला मंडळाने द्यावा: आपल्यातल्या कुणी आठवड्यातून दोन तास आजींपाशी बसून या बाईला झोपू दिले का? घरातल्या पुरुषांनीही विचारावे, की ज्यांची ती आई आहे ते या सेवेत कितीसे आहेत.

अबोला आणि अर्पण

वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, पण दोघे एकाच रविवारी एकाच वेदीसमोर प्रभुभोजन घेतात. हे दृश्य कुणाला नवीन नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असा येशूचा सांगावा आहे. तो पाळायचा कसा, याबद्दल लोक अडतात, कारण समेट म्हणजे हक्क सोडणे असा समज आहे. तसे नाही.

- कोर्टातला दावा चालू ठेवूनही तुम्ही भावाच्या घरी आजारपणात जाऊ शकता, त्याच्या मुलीच्या लग्नाला उभे राहू शकता.
- पहिले पाऊल उचलताना जमिनीचा विषय काढू नका. तो वकिलांकडे राहू द्या.
- मध्यस्थ हवा असेल तर दोघांनाही मान्य असलेला घ्या. पंचकमिटीतला एका बाजूचा नातेवाईक नको.
- समोरच्याने दार लावून घेतले तर तुमचे पाऊल वाया गेले असे समजू नका. दार उघडे ठेवा आणि रेटू नका.

एका ठिकाणी मात्र समेटाचा हा सल्ला लागू करू नका. नवरा मारतो, आणि बायकोला 'हा तुझा क्रूस आहे, वाहा' असे सांगितले जाते, तिथे देवाचे नाव चुकीच्या कामाला लावले जाते. मार खाणे ही सेवा नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. त्या बाईला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करणे ही तिच्या शेजारणीची त्या दिवशीची सेवा असते.

कामधंदा: योहानाने काय सांगितले

लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक विचारायला येतात, आम्ही आता काय करावे? त्याने कुणालाही वाळवंटात येऊन राहायला सांगितले नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धमकावून पैसे काढू नयेत, आपल्या पगारात भागवावे. ज्याचा जो व्यवसाय, त्याला त्यातलेच उत्तर मिळाले. बारा-चौदा तास दुकानात घालवणाऱ्याला देवाच्या सेवेसाठी वेगळा वेळ मिळत नसेल, तर त्याने हा अध्याय वाचावा. तराजू, उधारीची वही आणि नोकराचा पगार ही त्याची सेवेची जागा आहे.

याच धर्तीवर स्वतःला विचारायचे काही प्रश्न:

- घरकामाला बाई असेल तर: तिचा पगार ठरल्या तारखेला जातो का? तुम्ही आठवडाभर गावी गेलात तर तिचे पैसे कापता का? तिला आठवड्याची सुट्टी आहे का? राखून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोबाच्या पत्रात आहे, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते.
- शिक्षक असाल तर: वर्गातले सर्वांत मागे पडलेले मूल तुम्हाला नावाने माहीत आहे का?
- परिचारिका असाल तर: रात्रपाळीत ज्या रुग्णाकडे कुणी नातेवाईक नाही, त्याच्या हाकेला किती वेळाने जाता?
- सरकारी नोकरीत असाल तर: पैसे न देणाऱ्याची फाइल किती दिवस खाली राहते?
- ठेकेदार असाल तर: साइटवर अपघात झालेल्या मजुराचा दवाखान्याचा खर्च कुणी केला?

परिचारिका आणि शिक्षक यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजातल्या अनेक घरांत या दोन पेशांची परंपरा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले. अशा संस्थांनी दवाखान्यातले काम हेच विश्वासाचे काम मानले. तिथे शस्त्रक्रिया नीट होणे, जखम स्वच्छ राहणे महत्त्वाचे होते. काम ढिसाळ करून त्यावर प्रार्थनेचे पांघरूण घालता येत नाही. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला सतराव्या शतकातला ब्रदर लॉरेन्स आयुष्याचा मोठा काळ मठाच्या स्वयंपाकघरात राबला, पुढे चपला दुरुस्त करत राहिला. भांडी घासताना आणि वेदीसमोर गुडघे टेकताना आपण सारखेच देवाजवळ असतो, ही त्याची शिकवण त्या स्वयंपाकघरातून आली.

तपासणीत आपण कुणाचे पैसे बुडवल्याचे आठवले तर? जक्कयाचे उदाहरण समोर आहे. तो जकातदारांचा मुख्य होता. येशू घरी आला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे कबूल केले. यातला व्यवहार असा, की ज्याचे घेतले त्यालाच परत करायचे. त्या रकमेचे चर्चला पंखे दिले, तर तो माणूस अजून तितकाच नाडलेला राहतो.

नाताळच्या फराळाचे ताट

डिसेंबरात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, केक होतात आणि ताटे शेजारीपाजारी जातात. ही मराठी ख्रिस्ती घरांची फार गोड रीत आहे. यंदा ताटे कुठे कुठे गेली त्यांची यादी करून पाहा. ज्यांच्याकडून दिवाळीला ताट येते, त्यांच्याकडेच गेली का? लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की जेवणाला अशांना बोलवावे, ज्यांना परतफेड करता येत नाही. सोसायटीचा वॉचमन, मेसवर जेवणारी बाहेरगावची मुले, एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ, आणि मंडळीतूनच गळालेले, घटस्फोटामुळे किंवा कर्जामुळे यायचे बंद झालेले कुटुंब. कॅरोलचा गट कोणत्या गल्लीत जात नाही, हेही तरुण संघाने एकदा नकाशा काढून पाहावे.

याच जागी जातीचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी लग्न ठरवताना 'मूळचे कोण' हे हळूच विचारले जाते. काही ठिकाणी बाकांवर बसण्यातही ते दिसते. लक्ष्मीबाई टिळक कर्मठ वातावरणात वाढल्या होत्या. जातीचा भेद देवाने केलेला नाही या निष्कर्षाला त्या स्वतः विचार करून आल्या आणि मग त्याप्रमाणे वागल्या. १९०० मधला त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांच्या प्रभुभोजनालाच हरकत घेतली होती. तुमच्या मुलाचे स्थळ बघताना तुम्ही कोणता प्रश्न विचारलात, तोही तुमच्या तपासणीच्या वहीत आला पाहिजे.

घेणारा उभा राहतो का?

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे केले. तिथे फक्त अन्नछत्र चालले नाही. मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने अंध मुलींना शिकवले. सेवा तपासण्याची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. वर्षभर मदत घेतल्यावर घेणारा माणूस तुमच्यावर जास्त अवलंबून झाला की कमी? दरमहा धान्याची पिशवी देणाऱ्यांनी त्या घरातल्या मुलीच्या शाळेची फी, रेशनकार्ड, विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज यांचीही चौकशी करावी. तलाठी कार्यालयात तिच्यासोबत दोन खेपा घालणे पिशवी देण्याइतके देखणे दिसत नाही, पण तिचा महिन्याचा प्रश्न त्यानेच सुटतो.

सेवेत बोलणेही येते. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघड टीका केली, आणि ती सरकारला रुचली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिक चालवत होते, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी, पाण्यासाठी रस्त्यावरही उतरत होते. आपल्या वॉर्डातल्या नळाला पाणी येत नसेल तर त्यासाठी अर्ज करणाऱ्याला 'हे राजकारण झाले' म्हणून बाजूला सारू नका.

मंडळीतले पद: धरावे कधी, सोडावे कधी

पुढील खुणा दिसल्या तर पदाबद्दल गंभीरपणे विचार करा:

- तुमच्याशिवाय कार्यक्रम नीट झाला याचे वाईट वाटते.
- नवीन माणसाला किल्ली, वही किंवा माइक द्यायला हात मागे येतो.
- तक्रार करणारा तुम्हाला देवाचा विरोधक वाटतो.

गणनाच्या आठव्या अध्यायात लेव्यांसाठी नियम आहे. पन्नाशी झाली की त्यांनी नेमलेल्या कामातून निवृत्त व्हावे, भावांना मदत करावी, पण जबाबदारी पुढच्यांकडे द्यावी. आपल्याकडे पंचकमिटीत तीच नावे पंचवीस वर्षे दिसतात, त्यांनी हा अध्याय वार्षिक सभेआधी वाचावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना जेवण वाटपात डावलले जात असल्याची तक्रार आली. प्रेषितांनी तिला बंड म्हटले नाही. सात माणसे नेमली आणि वाटप सुधारले.

काम करणाऱ्यांचेही काही हक्क आहेत. 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे. काम किती काळासाठी, हे सुरुवातीलाच ठरवून घेण्याचा हक्क आहे. पाळकीणबाई मंडळीच्या नोकरीत नसतात, हे तर अनेकांना सांगावे लागते. महिला मंडळ, संडे स्कूल आणि पाहुण्यांचे जेवण हे सगळे त्यांनी विनामोबदला करावे असा करार कुणी केलेला नाही.

दिलेल्या पैशाचा हिशेब मागा

अर्पण टाकले की आपले काम संपले, असे मानू नका. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मोठी देणगी पोहोचवताना सोबत दुसरी विश्वासू माणसे पाठवतो, कारण पैशाच्या कारभारात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे म्हणणाऱ्यांना हा उतारा दाखवा. आपल्याकडची अनेक चर्चे सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्याप्रमाणे संस्थेला हिशेब ठेवावे लागतात, त्यांच्या तपासणीची तरतूद आहे आणि देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे असते. आधी वार्षिक सभेत प्रश्न विचारा, मग लेखी विचारा, उत्तर न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जा. भावनिक आवाहन करून त्याच बैठकीत रक्कम जाहीर करायला लावणाऱ्यांना 'घरी बोलून कळवतो' एवढेच सांगा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात कसलीही तडजोड नाही. संडे स्कूल, शिबिर किंवा वसतिगृहात एखाद्या मुलाशी गैरवर्तन झाल्याचे कळले, तर 'मंडळीचे नाव जाईल' म्हणून ते आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आधी मुलाला सुरक्षित जागी न्या, मग कळवा, चौकशी आपण करत बसू नका.

रात्रीची दहा मिनिटे

आठवड्याची वही झाल्यावर रोजची सवय लावायची असेल, तर लोयोलाच्या इग्नेशियसने सांगितलेली पद्धत सोपी आहे. त्याचे आध्यात्मिक साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. त्याच्याच येशूसंघातले फादर थॉमस स्टीफन्स पुढे गोव्यात आले आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' मराठीत देऊन गेले. पद्धतीच्या पायऱ्या पाच:

१. आजच्या दिवसाबद्दल आभार माना, नेमक्या गोष्टींचे.

२. खरे ते दिसावे म्हणून मागणी करा.

३. सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणा.

४. जिथे चुकले तिथे क्षमा मागा.

५. उद्यासाठी एकच बदल ठरवा.

तिसऱ्या पायरीवर भेटलेल्या माणसांची नावे घ्या, आणि पाचवीवर खरोखर एकच गोष्ट ठरवा. पाच ठरवणाऱ्यांचे तिसऱ्या दिवशी सगळेच राहून जाते. आणि जे रोज स्वतःला झोडपूनच उठतात, त्यांनी पहिल्या पायरीला अर्धा वेळ द्यावा. सतत अपराधी वाटणे, झोप न लागणे, काही केल्या मन न लागणे असे आठवडेच्या आठवडे चालले, तर ते आध्यात्मिक कोरडेपण नसून आजार असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे जा. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलियाला देवदूताने उपदेश केला नाही. त्याने भाकरी आणि पाणी दिले आणि झोपू दिले, तेही दोनदा.

कुणाशी बोलावे

एकट्याने केलेल्या तपासणीत माणूस एक तर स्वतःला सोडून देतो किंवा फार कडक वागवतो. म्हणून दुसरे कान हवेत. कॅथलिक वाचकांना पापनिवेदन आणि आध्यात्मिक मार्गदर्शक यांची सोय आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक किंवा एखादा वडीलधारा सभासद निवडावा. ज्याच्यासोबत तुम्ही कमिटीत बसता आणि ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे तो शक्यतो नको. तुमची गोष्ट तो प्रार्थनाविनंती म्हणून दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकणार नाही, एवढी खात्री आधी करून घ्या.

भेटायला जाताना आठवड्याची वही सोबत न्या. त्याआधी ती घरातल्या एका माणसाला वाचायला द्या, आणि पानाच्या कडेला त्याला जे लिहायचे असेल ते लिहू द्या.